कारखान्यासारखे घर

आमच्या भाच्याने बोईसरला दोन बीएचके फ्लॅट घेतला. घेतला म्हणजे कागदावर नाव त्याचे आणि त्याच्या बायकोचे. निम्म्याहून अधिक पैसा आमच्या दुल्हाभाईंचा. तारापूर एमआयडीसीत विणकाम खात्यात ३१ वर्षे उभे राहून जो फंड आणि जी ग्रॅच्युइटी हाती आली, ती सगळी या घरात गेली. चावी मिळाली त्या आठवड्यात आपाचा फोन आला, “तू एकदा येऊन जा. पोरगा घराचे फोटो दाखवत फिरतोय आणि तुझे दुल्हाभाई काहीच बोलत नाहीत.”

दुल्हाभाई कमीच बोलतात. त्यांना ऐकू कमी येते, त्यामुळे मजलिसीत ते बहुधा गप्प बसून हसत असतात. पण आपा “बोलत नाहीत” म्हणाली त्याचा सूर वेगळा होता. रविवारी आम्ही पालघरहून डहाणू लोकल पकडली आणि उमरोळी ओलांडून बोईसरला उतरलो.

भाच्याने मोबाइल पुढे केला. एक भिंत उघड्या विटांची. छताला गिलावा नाही, नुसते काँक्रीट. त्यावरून काळे पाइप धावताहेत, पाइपांतून वायरी. लोंबणारे पिवळे बल्ब. राखाडी जमीन, लोखंडी पाइपांवर फळ्या ठोकलेल्या, दोन पत्र्याच्या खुर्च्या, आणि बाकी काही नाही. पडदा नाही, गालिचा नाही, माणूसही नाही.

“याला इंडस्ट्रियल मिनिमल म्हणतात, खाला,” भाचा म्हणाला. “मिनिमल म्हणजे कमीत कमी.”

ठेकेदाराचा अंदाजपत्रकाचा कागद आम्ही वाचला. सव्वासात लाख.

“कमीत कमीचे सव्वासात लाख?”

“कमी दिसायला जास्त लागतं,” भाचेसून हसून म्हणाली. हसली खरी, पण काळजी लपत नव्हती. हातात दोन लाख होते. उरलेल्यांसाठी बँकेच्या पर्सनल लोनचा फॉर्म भरून तिथेच ठेवलेला होता.

दुल्हाभाई खिडकीपाशी बसले होते. फोटो त्यांनीही पाहिले, बराच वेळ पाहिले. मग मोबाइल परत देत एवढेच म्हणाले, “हे आमच्या खात्यासारखं दिसतंय.” भाच्याला ती तारीफ वाटली.

हा विषय आम्ही या महिन्यात घेतला तो एका घरासाठी नाही. पालघर काय, बोईसर काय, नव्या इमारतींत पोझेशन मिळाले की असेच फोटो घेऊन फिरणारी तरुण जोडपी हल्ली वरचेवर भेटतात. पालकसभेला आलेल्या आयासुद्धा मुलांचे गुण बाजूला ठेवून विचारतात, “मॅडम, सिमेंट फिनिश कसं दिसेल हो?” म्हणून थोडे सविस्तर.

ही टूम निघाली कुठून? न्यूयॉर्क शहरात सोहो नावाचा भाग आहे. ओतीव लोखंडाचे खांब आणि मोठमोठ्या खिडक्या असलेल्या तिथल्या इमारतींत एकेकाळी कारखाने आणि गोदामे होती. ते धंदे उठत गेले, मजले रिकामे पडले, आणि १९६०च्या दशकात तिथे चित्रकार, शिल्पकार राहायला आले. जागा मोठी, उजेड भरपूर, भाडे थोडे. खरे तर तिथे राहणे बेकायदा होते. विटा उघड्या राहिल्या त्या हौसेने नव्हे. गिलावा करायला पैसे नव्हते. १९७१ मध्ये शहराने कलावंतांना तिथे राहायची मुभा दिली, १९७३ मध्ये तो भाग ऐतिहासिक वारसा म्हणून जाहीर झाला, आणि पाठोपाठ पैसेवाले आले. नाइलाजाने उघडी राहिलेली वीट आता जगभर मुद्दाम उघडी करून, वरून पॉलिश मारून विकली जाते.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावाचे पाहा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर तो उद्योग पुन्हा उभा राहिला नाही. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेले आली. जुने धुराडे शोभेला ठेवले. कामगार गेला आणि त्याच्या खात्याचा देखावा तेवढा राहिला.

बोईसर-तारापूरचे तसे नाही. इथला कारखाना चालू आहे. १९६९ पासून वीज देणारे अणुवीज केंद्र आहे, एमआयडीसीत कापड आहे, रसायने आहेत, पोलाद आहे. सकाळी सहाच्या आधी स्टेशनबाहेर रिक्षांची जी गर्दी होते ती पहिल्या पाळीची असते. अशा गावात घरी परतलेल्या माणसाला भिंतीवर पुन्हा पाइप दाखवायचे का, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या चित्रकाराला पडण्याचे कारण नव्हते. आपल्याला पडला पाहिजे.

तरी या टुमेची नुसती टवाळी आम्ही करणार नाही. तिच्यातला ‘कमी’ हा शब्द आम्हाला मनापासून पटतो. आमच्या ओळखीच्या किती घरांत दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये सात माणसांचा सोफा, काचेच्या शोकेसमध्ये वर्षानुवर्षे न वापरलेला डिनरसेट, प्लास्टिकची फुले आणि छताला पीओपीचे कमळ! नमाजची जानमाज पसरायची तर टीपॉय उचलून गॅलरीत ठेवावा लागतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे: एक अंथरूण घरधन्याचे, एक त्याच्या बायकोचे, तिसरे पाहुण्याचे, आणि चौथे सैतानाचे. मोजमाप इतके स्पष्ट आहे. शिवाय लोखंड आपल्या घरांना नवीन कुठे आहे? गोदरेजची पोलादी कपाटे १९२३ पासून बनताहेत, आणि आपल्या नानी-दादींची गाद्या-रजया भरलेली लोखंडी पेटी होतीच. तिच्यावर चादर घातली की बसायला बाक तयार.

म्हणजे कमी सामान ही एक गोष्ट आणि कमी सामानाचा देखावा ही दुसरी. भाच्याच्या कागदावरची एकेक बाब आम्ही याच कसोटीवर तपासत बसलो. आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचे वडील बांधकाम अभियंता आहेत, त्यांनाही फोनवर गाठले.

पहिली बाब छताची. ठेकेदार स्लॅबचे प्लास्टर ठोकून काढणार आणि आतले काँक्रीट तसेच ठेवणार होता. अभियंता साहेब ऐकूनच म्हणाले, “हात लावू देऊ नका.” स्लॅबच्या आत लोखंडी सळया असतात आणि त्यांच्यावरचे काँक्रीटचे आवरण हेच त्यांचे संरक्षण. खाऱ्या हवेतले क्षार आणि ओलावा हळूहळू आत शिरतात. सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की काँक्रीटचा पोपडा सुटून खाली येतो. म्हणूनच समुद्रकाठच्या बांधकामात हे आवरण जास्त जाड ठेवतात. हातोडी-छिन्नीने प्लास्टर काढताना त्यालाच टवके गेले तर आपल्या हाताने आपल्या घराचे आयुष्य कमी केल्यासारखे. उघडे काँक्रीट सुंदर दिसते ते जिथे मुळातच तसे ओतलेले असते तिथे. चंदीगडच्या सरकारी इमारती पाहा. तिथे वास्तुकाराने ते आधीपासून योजले होते. बिल्डरच्या स्लॅबचे प्लास्टर सोलून चंदीगड होत नाही.

विटांची गंमत तर वेगळीच. भाच्याच्या इमारतीत विटा नाहीतच! आतल्या भिंती राखाडी हलक्या ब्लॉकांच्या आहेत. मग विटांची भिंत येणार कुठून? तर विटेच्या रंगाच्या पातळ चकत्या भिंतीला चिकटवायच्या. म्हणजे खरी भिंत झाकून ‘उघडी’ भिंत लावायची. त्याचे बिल ७० हजार. इथे भाचेसूनही हसली, आणि या वेळी मोकळेपणी.

जमिनीला बिल्डरने नुकत्याच फरशा बसवून दिलेल्या आहेत. त्या उखडून राखाडी कोबा करायचा होता. जुन्या घरात काम काढायचे असेल तर कोबा किंवा शहाबादी फरशी जरूर करावी. पायाला थंड, टिकाऊ आणि स्वस्त. पण कोऱ्या फरशा फोडून रंगासाठी दुसरी जमीन करणे याला इस्राफ म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

लोखंडी पाइपांच्या फळ्यांना आमची हरकत नाही, पण आपली हवा ओळखून. समुद्र जवळ, पावसाळा चार महिने, त्यात कारखान्यांची वाफ. साध्या लोखंडाला इथे पहिल्याच पावसात गंज धरतो, आणि तो आधी वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि कापलेल्या टोकांवर. सांधे घासून रेड ऑक्साइडचे दोन हात, वर एनॅमल, पाइपांची तोंडे टोपणाने बंद. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघराच्या सिंकपाशी लोखंड नकोच. लोंबत्या पिवळ्या बल्बांबद्दल एवढेच की जुन्या तारेचा बल्ब विजेची बहुतेक उष्णता करतो. तसाच दिसणारा एलईडी मिळतो, तो घ्यावा.

एक गोष्ट मात्र आम्ही कळकळीने सांगतो. भाच्याने भंगारवाल्याकडे दोन पिंपे बघून ठेवली होती, त्यांना रंग मारून टेबले करायची म्हणून. फोटोत अशी पिंपे झकास दिसतात. पण तारापूरच्या भंगारातले पिंप काय भरून आले होते हे कोण सांगणार? आम्ल, रंग, कीटकनाशक, काहीही. धुतले तरी पत्र्याच्या दुमडीत, सांध्यात अंश राहतो, आणि घरात तीन-चार वर्षांची मुले त्याच्यावर हात घासून तोच हात तोंडात घालतात. पाण्यासाठी तर अशी पिंपे कधीही वापरू नयेत. मालाखालच्या लाकडी पॅलेटचेही तसेच. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो; त्यात एचटी ही इंग्रजी अक्षरे असतील तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेले, आणि एमबी असतील तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. एमबीचे लाकूड घरात आणू नये. शिक्का एचटीचा असला तरी वर काय सांडले होते ते विचारूनच घ्यावे.

मग हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत. ती पाडून सगळे मोकळे करायचे होते. आरसीसी इमारतीत अशी भिंत बहुतेक वेळा भार घेत नसते, पण ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर घर पाडू नये. इमारतीचा आराखडा पाहून अभियंत्याने लेखी सांगावे, सोसायटीची परवानगी घ्यावी, आणि खांब-तुळयांना तर बोटही लावू नये. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे किती धक्के बसले ते आपण विसरलेलो नाही. लोक रात्री अंगणात झोपत होते.

पण आपाची हरकत भूकंपाची नव्हती. ती म्हणाली, “सुके बोंबील भाजले की तो वास सोफ्याला, पडद्याला, सुनेच्या ऑफिसच्या कपड्यांना. आणि तुझ्या अब्बांचे दोस्त हॉलमध्ये बसले असताना मी ओढणी सावरत फोडणी घालू?” मोकळ्या घराच्या फोटोत बोंबील नसतात आणि पाहुणेही नसतात. फळ्या उघड्या, भांडी उघडी, पाइप उघडे: बोईसरच्या रस्त्यावरची धूळ दर दिवशी त्यांच्यावर बसणार आणि ती पुसणार कोण? आम्ही भाच्याला विचारले. त्याने बायकोकडे पाहिले. तिने खिडकीबाहेर पाहिले.

इथवर सगळे हसतखेळत चालले होते. मग भाचा म्हणाला, “चला, फ्लॅटच बघू या.”

रिकामा फ्लॅट. चार भिंती, फरशी, काच. आम्ही सहा माणसे आत शिरून बोलू लागलो आणि शब्द भिंतींवर आपटून परत येऊ लागले. नात धावत सुटली, तिच्या पावलांचा गडगडाट झाला. दोन मिनिटांत दुल्हाभाईंनी कानातले यंत्र काढून खिशात ठेवले.

“का काढलंत?” आम्ही हात हलवून विचारले.

“खात्यात असल्यासारखं वाटतं,” ते म्हणाले. “सगळं एकदम ऐकू येतं. कोण काय बोललं, ते कळत नाही.”

फोटोत आवाज नसतो, हे आमच्या तोपर्यंत लक्षातच आले नव्हते. काँक्रीट, वीट, फरशी, काच यांच्यावर पडलेल्या आवाजातला शंभरात दोन-तीन भागच मुरतो. बाकी सगळा परत फिरतो. जाड, चुण्यांचा कापडी पडदा असेल तर बोलण्याचा निम्म्याच्या आसपास आवाज तो पिऊन टाकतो. गादी, गालिचा, पुस्तकांची रांग, हेही आवाज शोषतात. धडधाकट कानाला थोडा घुमारा चालून जातो. ज्याचे कान गेलेले आहेत त्याचे यंत्र शब्दाबरोबर त्याचा घुमाराही मोठा करते, आणि शब्दावर शब्द चढतो.

आणि कान गेले कशाने? कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे, आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. दुल्हाभाईंच्या काळी कानात कापसाचा बोळा हेच साधन. मागांच्या खात्यात ओठ वाचायला ते तिथेच शिकले. तो त्रास त्यांनी सोसला, त्यातून हा फ्लॅट झाला, आणि आता याच फ्लॅटला खात्यासारखा करायला निघालेला त्यांचा मुलगा समोर उभा होता. भाचा वाईट नाही. त्याने कधी तसा विचारच केला नव्हता. आम्हीही केला नव्हता.

स्टेशनवर सोडायला आला तेव्हा त्याने शेवटचा मुद्दा काढला. “पण खाला, भिंतींना कापडं चढवू नयेत असं हदीसमध्येच आहे ना? तुम्हीच सांगितलं होतं.”

सांगितले होते खरे. आम्ही आलिम नव्हे, पण ही हदीस आम्हाला फार प्रिय आहे. हजरत आयशा (रजि.) यांनी घरात एक पडदा लावला होता. प्रेषित (स.) प्रवासाहून परतले, त्यांनी तो पाहिला, त्यांना आवडला नाही, आणि तो त्यांनी ओढून काढला. दगड-मातीला वस्त्रे नेसवण्याचा हुकूम अल्लाहने आपल्याला दिलेला नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. ज्यांच्या खोलीचे छत खजुराच्या फांद्यांचे होते, चटईचे वळ ज्यांच्या अंगावर उमटलेले पाहून हजरत उमर (रजि.) रडले, त्यांच्या घरची ही गोष्ट.

“पुढचं आठवतं?” आम्ही विचारले. त्याला आठवत नव्हते. पुढे असे आहे की हजरत आयशा (रजि.) यांनी त्याच कापडाच्या दोन उश्या केल्या, आत खजुराच्या झाडाचा काथ्या भरला, आणि त्याला प्रेषितांनी (स.) हरकत घेतली नाही. कापड तेच. भिंतीच्या अंगावरून ते माणसाच्या पाठीशी आले.

गाडी आली. भाचा फलाटावर उभाच होता.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. बँकेच्या फॉर्मचे काय झाले ते आम्ही विचारले नाही; आपाने आपण होऊन सांगितले की हातातल्या दोन लाखांतले २० हजार उरले आहेत. व्याजाच्या पैशाने घराची सुरुवात झाली नाही, याचे तिला सर्वांत मोठे समाधान. भिंती फिक्या रंगाच्या आणि मोकळ्या, एकीवर तेवढी आयतुल कुर्सीची चौकट. स्वयंपाकघराची भिंत जागेवर. भाच्याच्या हौसेला एका कोपऱ्यात काळ्या पाइपांची फळी, नीट रंगवलेली, तिच्यावर पुस्तके आणि सर्वांत वर कुरआन शरीफ. सोफा घेतला नाही. नानीची पेटी घासून काळी रंगवून हॉलमध्ये आली. भाच्याचे मित्र ती कुठून विकत घेतली म्हणून विचारतात. जमिनीवर भिंतीला लागून गाद्या आणि लोड, मध्ये सतरंजी. दस्तरख्वान पसरला की बारा माणसे बसतात. खिडकीला जमिनीपर्यंत जाड सुती पडदा. ते कापड दुल्हाभाईंच्या जुन्या सोबत्याने आणून दिले, त्याच्याच खात्यातले.

असरनंतर चहा झाला. नात लोडावर रेलून मदरशात शिकलेली सूरत म्हणत होती. दुल्हाभाई तिच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत होते, त्यामुळे तिचे ओठ त्यांना दिसत नव्हते. एका शब्दावर ती अडखळली आणि जेर-जबर चुकवून पुढे गेली.

“थांब,” ते मागे न वळता म्हणाले. “तो शब्द पुन्हा म्हण.”